पिशवी काढायची की ठेवायची? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आजच्या बोलण्यात पाळी, रक्त, गर्भपिशवी हे शब्द बरेचदा येतील. घरात पुरुष मंडळी बसली असतील तर बसू द्या, आवाज कमी करू नका.

आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळ आणि साकीनाक्याच्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करतो. आमच्या गटांत बीड-जालन्याकडच्या आहेत, कोकणातल्या आहेत, सातारा-सांगलीच्या आहेत. कुणी घरकाम करतात, कुणी गाळ्यात पॅकिंग करतात, कुणी पोळ्या लाटून देतात. गटाच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. मुलांची फी, घराची डागडुजी, गावाकडचं लग्न, असं काहीबाही तिथे लिहिलेलं असतं. त्याच रकान्यात ‘पिशवीचं ऑपरेशन’ हे कारण इतक्यांदा यायला लागलं, की आम्ही विचारायला सुरुवात केली. उत्तर ठरलेलं असायचं. गाठ होती, डॉक्टर म्हणाले काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. गाठ केवढी होती, कुठे होती, दुसरा काही उपाय होता का, हे फार थोड्या जणींना सांगता आलं. तेव्हा आम्ही ठरवलं की ही पिशवी काढण्याची गोष्ट सुरू कुठून झाली ते बघावं.

आधी गाठ म्हणजे काय ते समजून घेऊ. डॉक्टर तिला फायब्रॉईड म्हणतात. गर्भपिशवीची भिंत मांसाची, स्नायूची असते. त्याच स्नायूची एखादी गुठळी वाढते, ती ही गाठ. मुगाच्या दाण्याएवढी असते, लिंबाएवढी असते, कधी नारळाएवढीही होते. एक असते, कधी दहा असतात. पाळी चालवणाऱ्या हार्मोनवर ती पोसते, म्हणून पाळी कायमची गेली की बहुतेक गाठी आपोआप आकसतात. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य बायकांच्या पिशवीत छोटी-मोठी गाठ असते, आणि त्यांतल्या कितीतरी जणींना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. अशा गाठीत कॅन्सर निघणं अगदी क्वचित घडतं.

गाठ कुठे आहे यावर त्रास ठरतो. आपली मातीची कणगी डोळ्यांसमोर आणा. गाठ कणगीच्या बाहेरच्या अंगाला असेल तर रक्त फारसं जात नाही, मोठी झाली तर लघवीवर नाहीतर शौचावर दाब येतो. भिंतीच्या आत असेल तर पोट जड होतं, पाळी लांबते. आणि आतल्या पोकळीत डोकावत असेल, तर ती बोराएवढी असली तरी रक्ताचे गोळे पडतात. म्हणजे नुसतं ‘गाठ आहे’ एवढं ऐकून काहीच कळत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर आकार आणि जागा दोन्ही लिहिलेलं असतं. ते इंग्रजीत असतं, पण वाचून समजावून मागायला लाज कसली?

आता इतिहास. पोट फाडून गर्भपिशवी काढली आणि बाई जगली, असं ऑपरेशन पहिल्यांदा झालं ते १८५३ साली, अमेरिकेतल्या लोवेल या गिरण्यांच्या गावात. तेही गाठीसाठीच. त्या काळी जखम निर्जंतुक ठेवायचं ज्ञान नव्हतं, त्यामुळे अशा ऑपरेशनात बहुतेक बाया दगावत. पुढे भूल सुधारली, स्वच्छता आली, रक्त चढवायची सोय झाली, आणि हे ऑपरेशन सुरक्षित होत गेलं. सुरक्षित झालं तसं ते सोपं वाटायला लागलं. आपल्या दुखण्याची मुळं आम्हाला याच वळणावर दिसतात.

पण त्याच वेळी इथे, मुंबईत, अडचण अगदी वेगळी होती. इथल्या बाया डॉक्टरकडे जातच नव्हत्या. डॉक्टर पुरुष, त्याला कसं दाखवायचं? सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रिज या दोघांनी १८८३च्या सुमाराला फंड उभा केला, की विलायतेहून स्त्री डॉक्टर आणायच्या आणि बायकांचं वेगळं रुग्णालय काढायचं. पेस्तनजी कामा यांनी मोठी देणगी दिली. एडिथ पीची नावाच्या डॉक्टरबाई १८८३च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या आणि १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. आजही ते सीएसएमटी स्टेशनजवळ उभं आहे. त्याच १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. बायकांना बाई डॉक्टर मिळावी, एवढ्याच कारणासाठी त्या सातासमुद्रापार गेल्या होत्या. परत आल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयानं गेल्या.

पुढचा भाग आम्हाला स्वतःलाही ठाऊक नव्हता. मुंबईचं नाव जगभरच्या स्त्रीरोगाच्या पुस्तकांत गेलं ते पिशवी वाचवण्यासाठी. गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर मुंबईत काम करत. दिवस गेलेल्या ज्या बायकांचं पिशवीचं तोंड अवेळी उघडायचं आणि गर्भ पडायचा, त्यांच्यासाठी त्यांनी १९५०च्या दशकात टाका शोधला. तो आजही जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच ओळखला जातो. अंग बाहेर येण्याचा त्रास तरुण बायकांना व्हायचा, तेव्हा पिशवी काढून टाकण्याऐवजी ती पट्टीनं वर टांगून ठेवायचं ऑपरेशनही शिरोडकरांच्या नावानं आहे, आणि मुंबईच्याच पुरंदऱ्यांच्या नावानंही आहे. ह्या बायांना अजून मुलं हवी होती, म्हणून डॉक्टरांनी डोकं लढवलं.

तिकडे लंडनमध्ये व्हिक्टर बोनी म्हणून एक सर्जन होते. त्यांच्या बायकोला मूल होण्याआधीच गाठींमुळे पिशवी काढावी लागली. पुढे त्यांनी फक्त गाठ काढून पिशवी शिवून ठेवण्याच्या ऑपरेशनाचा ध्यास घेतला आणि शेकडो बायांवर ते करून दाखवलं. म्हणजे नुसती गाठ काढता येते हे डॉक्टरांना ठाऊक होऊन शंभर वर्षं होत आली.

मग आपल्यापर्यंत हे का पोहोचलं नाही? आमच्या मते कारण त्या ‘मुलं हवी होती’मध्ये दडलेलं आहे. पिशवी वाचवायची ती मुलासाठी. दोन मुलं झाली, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं, की पिशवीचं काम संपलं असं सगळ्यांनीच धरून चाललं. डॉक्टर म्हणतात, सासू म्हणते, आणि खरं सांगायचं तर आपणही म्हणतो, “आता काय करायचीय ठेवून?” आपल्याकडे मुली लवकर उजवतात, तिशीच्या आत नसबंदी उरकते. त्यामुळे हा प्रश्न तिच्यापुढे येतो तेव्हा ती तीस-बत्तीसची असते, आणि पाळी जायला अजून पंधरा-वीस वर्षं असतात.

दुसरं कारण, बाई तपासलीच जात नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात वासा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि शंभरातल्या फक्त ८ जणींची आधी कधी अंगाखालची तपासणी झाली होती. त्यांतले कितीतरी त्रास जंतुसंसर्गाचे, गोळ्यांनी बरे होणारे. पण पांढरं जातं, कंबर धरते, ओटीपोट दुखतं हे सहन करत करत बाई दहा वर्षं काढते, आणि शेवटी ज्या दारात जाते तिथे एकच औषध असतं.

त्याचं सगळ्यात मोठं चित्र दिसलं बीडमध्ये. ऐकणाऱ्यांपैकी काही जणी उसाला जाऊन आल्या असतील, त्यांना आम्ही काय सांगावं? दिवाळीच्या आगेमागे घर बंद करून जायचं, पाडव्यापर्यंत कोपीत राहायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. संडास नाही, पाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही. आणि पाळीत दुखलं म्हणून एक दिवस बसली, की खाडा. खाड्याला पाचशे रुपये आणि कुठे त्याहून जास्त दंड. अशा हिशेबात ज्या बाईला महिन्यातून सहा-सात दिवस रक्त जातं, तिला पिशवी जड वाटणार नाही तर काय! ऑपरेशनलाही उचलच घ्यायची, आणि ती फेडायला टाके ओले असताना पुन्हा फडात जायचं.

२०१९च्या वसंतात ही बातमी देशभर झाली. त्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. म्हणजे साधारण सहा बायकांत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण देशभरात शंभरात तीनच्या आसपास होतं. त्यानंतर बीडमध्ये नियम आला, की खासगी रुग्णालयानं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची.

बीड एकटं नाही. २०१२च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमध्ये सरकारी विम्याच्या कार्डावर गरज नसताना पिशव्या काढल्याचं उघड झालं. राजस्थानात दौसाला तेच. विम्याचे पैसे रुग्णालयाला मिळायचे, बाईला कळायचंही नाही. राजस्थानचे डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले. दहा वर्षांनी, ५ एप्रिल २०२३ला निकाल लागला, की केंद्र सरकारनं केलेली मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावी. सूचनांनुसार देश, राज्य आणि जिल्हा अशा पातळ्यांवर देखरेख समित्या नेमायच्या आहेत. तुमच्या जिल्ह्यात ती आहे का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

तुम्ही म्हणाल, अंधेरीच्या बायांना उसाचं काय? खाडा हा शब्द इथेही तोच आहे. चार घरची धुणीभांडी करणारीनं महिन्यात तीन खाडे केले की चौथ्या महिन्याला दुसरी बाई उभी असते. एका गाळ्यात काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीला दोनदाच बाथरूमला जायची मुभा होती. पाळीत तिला तासाला पॅड बदलावं लागायचं, म्हणून ती एकावर एक दोन लावून बसायची. तिचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. धाप लागायची, तिला वाटायचं जिन्यामुळे लागते. तिची गाठ चांगली मोठी होती, वय ४६, मुलं मोठी. तिनं दोन ठिकाणी दाखवलं, आधी लोह आणि रक्त भरून घेतलं आणि मग पिशवी काढली. आज ती म्हणते, आधीच का नाही काढली! तिचं आम्हाला पूर्ण पटतं. पिशवी काढण्याला आमचा विरोध नाही. गाठी पुष्कळ असतील, रक्त थांबत नसेल, बाकी उपाय करून झाले असतील, आणि बाईला स्वतःला हवं असेल, तर ते चांगलं ऑपरेशन आहे, आणि त्यानंतर गाठ परत होत नाही. दुसरी एक, चौतीस वर्षांची, तिची गाठ दोन सेंटिमीटरची, बाहेरच्या अंगाला, त्रास काहीच नाही. दुसऱ्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत सापडली. तिलाही तेच सांगितलं होतं, काढून टाका. ती सहा महिन्यांनी फक्त सोनोग्राफी करून बघते. तीन वर्षं झाली, गाठ तेवढीच आहे. ह्या दोघींना एकच सल्ला कसा चालेल?

मधले उपाय कोणते, तेही सांगतो. त्यांनाही इतिहास आहे. पाळीत फार रक्त जातं तेव्हा द्यायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाची गोळी आहे. ती शोधली जपानच्या उताको ओकामोतो या डॉक्टरबाईंनी, नवऱ्याबरोबर, १९६२ साली. बाळंतपणात रक्त जाऊन बाया मरतात, त्यावर औषध हवं, हा त्यांचा ध्यास होता. पाळणाघर नव्हतं म्हणून लेकीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. आपण नाही का तान्ह्याला पाठीशी बांधून भांगलायला जात! ही गोळी फक्त पाळीच्या जास्त रक्ताच्या दिवसांत घ्यायची असते. ती गाठ घालवत नाही, रक्त कमी करते. ज्यांना पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती त्यांना ती चालत नाही, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका.

हार्मोनची तांबी असते. तांबी म्हणायचं, पण तिच्यात तांबं नसतं. ती पिशवीच्या आत बसवतात, थोडं थोडं हार्मोन सोडते, पाळी हलकी होते आणि काही वर्षं टिकते. गाठीनं आतली पोकळी वाकडी झाली असेल तर ती नीट बसत नाही. काही इंजेक्शनं गाठ तात्पुरती लहान करतात, ती बहुधा ऑपरेशनच्या आधी रक्त भरून यायला वेळ मिळावा म्हणून देतात. आतल्या पोकळीतली गाठ पोटावर टाका न घालता, खालून दुर्बीण घालून काढता येते. भिंतीतली गाठ बोनींच्या वाटेनं, पिशवी ठेवून काढता येते, मात्र पुढे नवीन गाठी होऊ शकतात. आणखी एक उपाय आहे. १९९५ साली पॅरिसच्या डॉक्टर राविना यांनी तो मांडला. ऑपरेशनात रक्त कमी जावं म्हणून ते आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसा बारीक कणांनी बंद करायचे. झालं असं, की काही बायांना त्यानंच इतका आराम पडला, की ऑपरेशनाची गरजच राहिली नाही. हे मोठ्या शहरांतल्या ठरावीक रुग्णालयांतच होतं, आणि पुढे मूल हवं असलेल्या बाईला डॉक्टर सहसा ते आधी सुचवत नाहीत.

काढायचीच ठरली तर एक गोष्ट जरूर विचारा. पिशवीबरोबर अंडाशयं काढणार का? दोन्ही अंडाशयं गेली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम, दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. अंगाची आग, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं. तिशीतल्या बाईला हे फार लवकर भोगावं लागतं. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याची लक्षणं थोडी आधी येऊ शकतात. आणि सहीच्या कागदावर काय काढणार ते लिहिलेलं असतं. तो कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीला सोबत न्या.

दुसरा डॉक्टर म्हणजे पहिल्यावर अविश्वास, असं आपल्याकडे वाटतं. गावाकडून पुण्या-मुंबईत नातेवाइकांकडे येणं होतं तेव्हा कागद सोबत आणा. आमच्या भागातल्या बाया कूपरला जातात, पालिकेचं रुग्णालय आहे. रांग मोठी असते, दिवस मोडतो, डबा घेऊन जावं लागतं. पण तिथे सोनोग्राफी दाखवून मत घेता येतं. तुमच्याकडे उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय असेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं असतं, ते त्याचं कामच आहे. जाण्याआधी तीन पाळ्यांचा हिशेब वहीत लिहा. किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड किंवा कापडं लागली, गोळे पडले का. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र गाठच असेल म्हणून घरी थांबू नका, लगेच तपासा.

आमच्या गटांनी आता एक केलं आहे. पिशवीच्या ऑपरेशनासाठी कर्ज मागायला कुणी आली तर आम्ही नाही म्हणत नाही. कर्जाच्या अर्जासोबत सोनोग्राफीचा कागद, हिमोग्लोबिनचा कागद आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत मागतो. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं भाडं गट देतो. रक्तस्राव जोरात असेल, जिवावर बेतलं असेल तर कागद नंतर, पैसे आधी. कर्ज घेऊन ऑपरेशन झालेल्या बायांना काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल मागून घ्यायला सांगतो, कारण काढलेली पिशवी प्रयोगशाळेत पाठवतात आणि आत खरंच काय होतं ते त्यावर लिहून येतं. डिस्चार्ज कार्डाला तो कागद टाचून ठेवा, पेटीत साडीच्या घडीखाली नाही, रेशनकार्डाजवळ, म्हणजे सापडेल.